अडकित्त्याचा खिळा

विळीच्या पात्यासंबंधी या सदरात मागे जे लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका वाचक भगिनीचे पत्र विशेष विचार करण्याजोगे आहे. त्यांच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळचा एक पितळी अडकित्ता आहे. गेल्या काही वर्षांत शिकलगाराकडून त्यास तीन वेळा धार लावून झाली. परंतु थंडीत डिंकाच्या लाडवांसाठी खारका कातरावयास घेतल्या, की त्या कापल्या न जाता चेपतात, आणि सुपारी तर पात्याखालून निसटून थेट अंगणात जाऊन पडते. घरातील मंडळींचे म्हणणे असे, की हे धूड आता मोडीत घालावे व बाजारातून नवे आणावे. तसे करावे काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट सहज म्हणून लिहिली आहे. अडकित्ता उघडून हलविला असता खुळखुळ्यासारखा वाजतो. आमच्या मते सारे मर्म या एका वाक्यात आहे. अडकित्ता मोडीत घालू नये, आणि चौथ्यांदा धारही लावू नये. दोष पात्याचा नसून, दोन दांडे ज्या खिळ्यावर फिरतात त्या खिळ्याचा, अथवा त्याच्या भोकाचा आहे. अशी तक्रार एकाच घरची असती, तर त्यासाठी सबंध लेख खर्ची घातला नसता; परंतु धारेवर बोल ठेवून चांगले पोलाद दरवर्षी सहाणेवर घासून संपविण्याची चाल घरोघर दिसते, आणि कात्री, पक्कड, घडीचा चाकू अशा सांध्याच्या सर्वच हत्यारांच्या वाट्यास हा अन्याय येतो.

खिळा झिजतो का, हे प्रथम पाहू. शाळेत तरफेचे जे प्रकार शिकवितात, त्यांपैकी टेकू एका टोकास, वजन मध्ये आणि जोर दुसऱ्या टोकास, अशी अडकित्त्याची जात आहे. सुपारी खिळ्यापासून 1 इंचावर ठेवली, हात 5 इंचांवर धरला आणि हाताने 10 किलोंचा दाब दिला, तर सुपारीवर 50 किलोंचा दाब पडतो. इतके पुष्कळांस ठाऊक असते. ध्यानात येत नाही ते हे, की सुपारी तितक्याच जोराने पात्यास उलट रेटीत असते. त्या 50 किलोंपैकी 10 किलो आपला हात तोलतो. बाकीचे 40 किलो त्या करंगळीच्या नखाएवढ्या खिळ्यास तोलावे लागतात. सुपारी फुटत नाही म्हणून ती आणखी मुळाशी, अर्ध्या इंचावर सरकविली, तर हाताचा दाब तोच राहूनही तिच्यावर 100 किलो आणि खिळ्यावर 90 किलो भार येतो. घरातील मुले नेमके हेच करतात, आणि मोठी माणसे त्यास युक्ती म्हणतात! एका खांडास एक, याप्रमाणे असे हजारो दाब पडल्यावर खिळा बारीक होतो आणि भोक लांबट होते. ते लांबट होते तेही दांड्याच्या लांबीकडे नव्हे, तर वर-खाली. मग दाब देताच पाते कापू लागण्याऐवजी आधी मुळाशी वर उचलले जाते, सुपारीस तेवढी मोकळी जागा मिळते आणि ती सटकते. धार कितीही लखलखीत असली तरी तिचा येथे इलाज चालत नाही.

सुपारीचा उल्लेख पुनःपुन्हा येत आहे, म्हणून एक खुलासा करून ठेवितो. सुपारी खाण्यापासून कर्करोग उद्भवतो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2004 साली दिलेला आहे. तेव्हा पानदानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु खारीक, सुके खोबरे, बदाम, ज्येष्ठमध, सुंठ यांसाठी अडकित्त्याच्या तोडीचे दुसरे हत्यार स्वयंपाकघरात नाही, आणि सुरीने खारीक कापताना बोटावर येणारे प्रसंग पाहता तो हाताशी असलेला बरा.

आता परीक्षा. खालचा दांडा डाव्या हातात घट्ट धरावा, अडकित्ता अर्धा उघडावा आणि वरचा दांडा आधी आडवा, म्हणजे डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. तो केवळ आडवा हलत असेल, तर खिळ्याची डोकी ढिली झाली आहेत किंवा दांड्यांची एकमेकांवर घासणारी अंगे झिजली आहेत. हा सौम्य आजार होय. नंतर वरच्या दांड्याचे खिळ्याजवळचे मूळ चिमटीत धरून ते वर-खाली हलवावे. तेथे कुच् कुच् असा आवाज होऊन मूळ उचलले जात असेल, तर भोक लांबट झाले असे समजावे. तिसरी परीक्षा कागदाची. पातळ कागदाच्या तीन पट्ट्या कापून एक मुळाशी, एक मध्ये व एक टोकास ठेवावी, अडकित्ता मिटून हलका दाब द्यावा आणि एकेक पट्टी ओढून पाहावी. टोकाची पट्टी घट्ट आणि मुळाची सुटी असेल, तर दोष बहुधा खिळ्यात असतो. तिन्ही पट्ट्या सहज निघून येत असतील आणि दांड्यांची मागची टोके मात्र एकमेकांस भिडलेली असतील, तर पाते वारंवार घासल्याने इतके उतरले आहे, की ते खालच्या बैठकीस पोचतच नाही. या तिसऱ्या स्थितीत माणसे हमखास फसतात. कापत नाही म्हणून धार लावितात, आणि धार लाविल्याने ते आणखी दूर जाते. त्यावर उपाय अगदी सोपा आहे. दांडे ज्या ठिकाणी एकमेकांस भिडतात तेथील उंचवटा कानशीने थोडथोडा उतरवावा आणि दर चार-पाच हातांनंतर कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी. पात्यास हात लावू नये.

सौम्य आजाराचा उपचार घरी होण्याजोगा आहे. त्यास ऐरण लागते. ती नसल्यास तराजूचे जुने 5 किलोंचे लोखंडी वजन उत्तम चालते. पाटा किंवा फरशी घेऊ नये. दगड फुटतो आणि पितळेवर वण पडतात. दोन दांड्यांच्या मध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवावा, खिळ्यास तेलाचा थेंब द्यावा, आणि लहान हातोडीच्या गोल तोंडाने खिळ्याच्या डोक्याच्या कडेकडेने, गोल फिरत, हलके ठोके द्यावेत. डोक्याच्या मधोमध एकच जोरदार ठोका देणे चूक. त्याने डोके पसरण्याऐवजी खिळ्याचे पोट फुगते आणि अडकित्ता गच्च बसतो. चार ठोके, मग उघडझाप करून पाहणे, पुन्हा चार ठोके, असा क्रम ठेवावा. कागद ओढून काढल्यावर दांडा किंचित रोध करीत पण सुरळीत फिरला पाहिजे. जास्तच आवळला गेला, तर खिळ्याचे एक डोके मोठ्या नटाच्या भोकावर टेकवून दुसऱ्या डोक्यावर एक हलका ठोका द्यावा, म्हणजे तो सैल होतो.

परंतु भोकच लांबट झाले असता हा उपचार करणे म्हणजे ज्वरावर थंड पाण्याची घडी ठेवण्यासारखे आहे. दांडे एकमेकांवर आवळले गेल्याने चार दिवस बरे वाटते. पुढे ते घासून पुन्हा ढिले होतात. आत भोक लांबटचे लांबटच राहते. अशा वेळी खिळा काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो काढण्यापूर्वी, नवा कसला घालावयाचा याचा विचार झाला पाहिजे.

या विचारास फार दूरच्या एका हत्याराची रचना उपयोगी पडते. फिलिपाईन्स देशात बटांगास प्रांतातील ताल या गावी बालिसोंग नावाचीच एक वस्ती आहे. तेथे घडीचा एक विलक्षण चाकू बनवितात. त्याचेही नाव बालिसोंग. इंग्रज लोक त्यास फुलपाखरी चाकू म्हणतात. त्याची मूठ दोन दांड्यांची असते. पात्याच्या बुडाशी शेजारी शेजारी दोन भोके, त्यांत दोन खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक दांडा स्वतंत्रपणे सभोवार फिरतो. मिटले म्हणजे पाते दोन्ही दांड्यांच्या खोबणीत झाकून जाते. उघडले म्हणजे तेच दांडे जुळून मूठ होते. तेथील कारागीर पात्यासाठी मोटारीच्या जुन्या स्प्रिंगांच्या पट्ट्यांचे पोलाद वापरीत आले आहेत. काही लोक हा चाकू हातावर फिरविण्याचा खेळ करतात, आणि त्यात दांडा दिवसाकाठी शेकडो वेळा फिरून आपटतो. साहजिकच या चाकूच्या सांध्याची झीज आणि तिची घरगुती दुरुस्ती हा त्याच्या शौकिनांचा नित्याचा उद्योग होऊन बसला आहे. (इंग्लंडात अशा चाकूच्या विक्रीस 1988 पासून व तो घरात बाळगण्यासही 2021 पासून बंदी आहे. परदेशी राहणाऱ्या आमच्या वाचकांनी कौतुक म्हणून तो पार्सलाने मागविण्यापूर्वी तेथील कायदा पाहावा. आम्हांस हवी आहे ती त्याच्या सांध्याची अक्कल, चाकू नव्हे.)

अक्कल ती अशी. चांगल्या फुलपाखरी चाकूत पाते खिळ्यावर प्रत्यक्ष फिरतच नाही. पात्याच्या भोकात काशासारख्या धातूची एक आखूड नळी, कारागिरांच्या भाषेत बुश, बसविलेला असतो, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंस त्याच धातूच्या पातळ चकत्या असतात. बुश पात्याच्या जाडीपेक्षा केसभर, खरोखरच केसाच्या जाडीहूनही कमी इतका, लांब ठेवतात. त्यामुळे खिळा कितीही आवळला तरी दांडे बुशावर आवळले जातात, पात्यावर नाही; पात्यास फिरण्यापुरती केसभर जागा राहतेच. पुढे चकत्या झिजल्या व दांडा आडवा हलू लागला, की शौकीन मनुष्य चकत्या बदलतो, किंवा बुश काढून काचेवर पसरलेल्या बारीक एमरी कागदावर त्याचे तोंड पाच-दहा वेळा घासतो, तेवढा तो आखूड होतो, आणि सांधा पुन्हा नेटका बसतो. पात्याची धार मिटताना दांड्यावर आपटू नये म्हणून पात्याच्या बुडाशी एक लहानशी आडवी खुंटी असते. तीही मार खाऊन चपटी झाली की ठोकून काढतात व तेवढ्याच जाडीची नवी बसवितात. पाते व दांडे, म्हणजे जे महाग आणि घडविण्यास कठीण ते, तसेच्या तसे राहतात. झीज येते ती चार-दोन रुपयांच्या मऊ तुकड्यांच्या वाट्यास, आणि ती तेथेच यावी अशी मुळात योजना असते.

आपल्याकडील दुरुस्तीत नेमके याच्या उलट होते. पितळी अडकित्त्याचा खिळा गेला, की बाजारातील कारागीर हाताशी असेल तो पोलादी खिळा ठोकून देतो, आणि गिऱ्हाईक 'आता आयुष्यभर बघायला नको' म्हणून संतुष्ट होते. खिळा आयुष्यभर टिकतोही. पण पोलादापुढे पितळ मऊ, म्हणून झिजते ते दांड्याचे भोक. खिळा बदलणे दहा मिनिटांचे काम आहे; दांडा बदलता येत नाही. म्हणून पितळी अडकित्त्यास पितळेचा किंवा तांब्याचा खिळा घालावा, आणि लोखंडी अडकित्त्यास मऊ लोखंडाचा. लाकडात मारावयाचा तारेचा जाड खिळा यास चालेल, परंतु तो तसाच वापरू नये. गॅसच्या ज्योतीवर लालबुंद करून राखेत पुरून ठेवावा व सावकाश निवू द्यावा. म्हणजे तो मऊ होऊन त्याचे डोके न तडकता पसरते. तांब्याची गोष्ट निराळी आहे. ते तापवून लगेच पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. अडकित्त्याचे पाते मात्र कदापि ज्योतीजवळ नेऊ नये. पोलादावर निळा रंग चढला, की त्याचे पाणी उतरले. मग त्यावर धार ठरत नाही.

प्रत्यक्ष काम असे. जुन्या खिळ्याचे एक डोके कानशीने घासून दांड्याच्या सपाटीस आणावे. दांड्यास ओरखडा पडू नये म्हणून डोक्याभोवती जाड पुठ्ठ्याचे भोक पाडलेले तुकडे ठेवावेत. मग भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर अडकित्ता ठेवून, टोक घासून सपाट केलेल्या दुसऱ्या खिळ्याने जुना खिळा खाली ठोकून काढावा. तो हाती आला म्हणजे नीट पाहावा. मधोमध एका अंगास खळगा पडलेला दिसेल. भोकही तपासावे. ते थोडेच लांबट असेल, तर दोन्ही दांडे एकत्र घट्ट आवळून त्यांतून एका मापाने मोठे भोक ड्रिलने पाडावे व त्या मापाचा जाड खिळा घालावा. दोन्ही दांड्यांत स्वतंत्रपणे भोके पाडल्यास ती एकमेकांसमोर येत नाहीत आणि पाते तिरके चालते. ही एक चूक सारी मेहनत वाया घालविते. भोकाभोवती त्याच्या व्यासाइतकी तरी धातूची कड उरली पाहिजे. ती उरत नसेल, तर भोक वाढवू नये.

भोक फारच लांबट असल्यास बुश बसवावा. फिरत्या दांड्याचे भोक गोल व मोठे करून त्यात जाड अंगाच्या पितळी नळीचा तुकडा बोटाने दाबून बसेल इतका घट्ट घालावा, आणि नळीच्या आतल्या मापाचा खिळा घ्यावा. तुकडा दांड्याच्या जाडीपेक्षा किंचित लांब कापून, काचेवरील एमरी कागदावर घासत घासत मापास आणावा. हे घासणे फार निगुतीने झाले पाहिजे. दहा हात घासावे, जुळवून पाहावे. बुश दांड्याहून आखूड झाला तर तो फुकट गेला. नवा कापावा लागतो. दांड्यांच्या मध्ये व डोक्याखाली तांब्याच्या किंवा पितळेच्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालाव्यात. पूर्वी 1943 ते 1947 या काळात निघालेला भोकाचा पैसा लोक चकतीसारखा वापरीत. पण त्याचे भोक अडकित्त्याच्या मानाने फार मोठे आहे. चालू नाण्यांस तर हात लावूच नये. नाणी कापणे किंवा वितळविणे हा 2011 च्या कायद्याने गुन्हा आहे. नवा खिळा दोन्ही बाजूंस त्याच्या व्यासाइतका, किंबहुना थोडा कमीच, बाहेर राहील इतका कापावा आणि वर सांगितल्याप्रमाणे कडेकडेने ठोकून त्याची डोकी बसवावीत.

येथे एक अपवाद सांगणे अवश्य आहे. पोपट, घोडा, स्त्री-पुरुषांची जोडी अशा आकृतींचे जुने अडकित्ते काही घरांतून अजून आहेत. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा जो संग्रह आहे, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांस या वस्तूवर कारागिरांनी केवढी कला ओतली, हे सांगावयास नको. डॉ. दिनकर केळकर यांनी 1920 च्या सुमारास जमविण्यास आरंभ केलेला तो संसार 1975 साली राज्य सरकारच्या स्वाधीन केला. तशा तोडीची वस्तू आपल्या घरी असेल, तर तिचा मूळ खिळा काढू नये, पितळ घासून चकचकीत करू नये, आणि तिने खारका तर कातरूच नयेत. रोजच्या कामासाठी साधा अडकित्ता निराळा ठेवावा.

राहता राहिली निगा. दिवाळीच्या आधी पितळी भांड्यांबरोबर अडकित्ताही चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजत घालण्याची काही घरांत रीत आहे. पितळी अडकित्त्यात लोखंडी खिळा असेल, तर याहून वाईट काही नाही. आंबट पाणी सांध्यात शिरते, दोन निराळ्या धातूंची त्या पाण्यात गाठ पडते आणि लोखंड पितळेच्या संगतीने एरवीपेक्षा वेगाने गंजते. चिंच लावावयाचीच तर वरच्या वर लावून लगेच धुवावे व पुसून कोरडे करावे. ओल्या सुपारीचा रसही लोखंडास काळे करतो. तेव्हा काम झाल्यावर पाते पुसण्याचा कंटाळा करू नये. सांध्यास तेल द्यावे, परंतु जवसाचे देऊ नये. ते सुकून रोगण बनते. खोबरेल चालते, मात्र थंडीत थिजते. शिवणयंत्राचे तेल खाण्याच्या वस्तूशी संबंध येतो म्हणून वर्ज्य. औषधांच्या दुकानी मिळणारे लिक्विड पॅराफिन महिन्यातून एक थेंब पुरेसे आहे.

ज्या घरी हातोडी-कानस चालविणारे कोणी नसेल, त्यांनी अडकित्ता शिकलगाराकडे न नेता तांबटाकडे न्यावा. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत हे काम जाणणारे हात आहेत. त्यांस 'खिळा पितळेचा घाला, दोन्ही भोके एकत्र पाडा, पात्यास धार लावू नका' एवढे सांगावे, आणि घेऊन येण्यापूर्वी तेथेच उभे राहून कागदाच्या तीन पट्ट्या ओढून पाहाव्यात.